इंझोरीतले चाळीस होकार

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या बाजारात सोयाबीन उतरवून घेत होतो. तसाच एसटीत बसलो. खरं सांगतो, दुःखाच्या आधी भीतीच वाटली... आता सीमेवरून त्याचा फौजी मुलगा विजय येणार, आणि मला त्याच्यासमोर उभं राहावं लागणार.

सुदाम माझा शाळासोबती. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर तो एका कंपनीसाठी लोकांची मतं गोळा करायचा. नियम साधा होता, एकेकाला घरी एकटं गाठून विचारायचं. सीमेवर तणाव वाढला तेव्हा कंपनीकडून प्रश्न आला, युद्ध करावं का? ऊन मी म्हणत होतं. आमच्या इंझोरीत घरोघर कोण फिरणार, म्हणून त्यानं चहाच्या टपरीवरच सगळ्यांना विचारलं. "लिवा मास्तर, सरसकट हो!" कुणीतरी ओरडलं. भराभर हात वर झाले. माझाही. सुदामनं मोबाइलवर चाळीस होकार भरून टाकले.

आठवड्यानं टीव्हीवर निवेदक गरजला, देशाला युद्ध हवंय! सुदामचा चेहरा उतरला. "माह्या पोराले म्याच ढकललं काय रे?" मी हसण्यावारी नेलं. "तुह्या चाळीस फॉर्मवर सरकार चालते काय?" तो हसला नाही.

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन तो दारोदार फिरला. टपरीवर ओरडलेला तोच गडी घरात हळूच म्हणाला, "भेव वाटते मास्तर. पण चारचौघांत कसं सांगू?" असे कितीतरी. त्यानं ही खरी उत्तरं पाठवली, पण कंपनीनं कळवलं, फेरी संपली, आता बदल होणार नाही. मग दारात जीप थांबली की विजयचीच वाईट बातमी आली असं वाटून सुदाम दचकून उभा राहायचा. युद्ध पेटलं नाही, पण त्याच्या छातीनं ते काही मानलं नाही, त्या धसक्यानंच तो गेला. माझ्याकडे मात्र तो वही घेऊन कधी आलाच नाही. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

रजा संपून विजय निघाला त्या सकाळी अंगणात भेटायला आलेली दहा-बारा माणसं बसली होती. पाठीवर बॅग, हातात बापाची वही.

"काका, यात सगळ्यायचं हाये. तुमच्याच नावापुढं कोरं हाये. काय लिवू, युद्धाले हो का नाही?"

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"नाही," मी हळूच म्हणालो.

विजय पुढे वाकला. "आयकू नाही आलं, काका."