मागचे दोन बोल्ट

आमची जीप माझ्या लग्नाच्याही आधीची. तिचा आवाज एवढा, की सोनपेठच्या बाजारात शिरायच्या आधीच आम्ही येतोय हे भाजीवाल्यांना कळायचं. मागच्या बाकावरचं माणूस कितीही ओरडलं तरी पुढं ऐकू यायचं नाही. त्या उन्हाळ्यात या आवाजात एक वेगळीच फटफट मिसळली, आणि पाठोपाठ आत धूर यायला लागला.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. डायलिसिससाठी त्यांना आठवड्यातून दोनदा परभणीला न्यावं लागायचं, आणि नेणारी मीच. नवरा पुण्याला कंपनीत, मी गावातल्या शाळेवर. रजा मिळवताना हेडमास्तरांशी माझं दरवेळी वाजायचं, पण एक खेप सोडली तर डायलिसिसची पाळी कधी चुकली नाही.

त्या गुरुवारी परत येताना मला आरशात दिसलं, मागं बसलेल्या आत्यांची मान एकदम खांद्यावर पडली. मी गाडी थांबवली, दार उघडलं, पदरानं वारा घातला, तेव्हा कुठं त्यांनी डोळे उघडले. माझंही डोकं ठणकत होतं. धूर पायांपाशी असलेल्या भोकांतून आत येत होता. घरी पोचल्यावर मी जाहीर करून टाकलं, की हे नीट झाल्याशिवाय आत्यांना या गाडीत बसवणार नाही. बोलायला काय जातंय! पुढची पाळी सोमवारी होती. लग्नसराईमुळं आसपासची एकूण एक गाडी वऱ्हाडाला लागलेली. एसटीनं एकदा नेलं होतं, तर परतताना त्या स्टँडवरच कोसळल्या होत्या. आणि पाळी चुकली की त्यांच्या छातीत पाणी भरायचं, आडवं पडताच यायचं नाही, बसून बसून श्वास ओढायच्या. ते मी एकदा पाहिलं होतं. पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

रविवारी सकाळी मामांनी आणि मी बॉनेट उघडलं. मामांचा उभा जन्म वर्कशॉपात गेला. पण लकवा मारल्यापासून उजवा हात नुसता लोंबायचा. डावा शाबूत होता, तरी पाना फिरवायची ताकद त्यात उरली नव्हती. तेव्हा ते बाजेवर बसून सांगणार आणि मी करणार, असं ठरलं.

इंजिनाचा जळका धूर गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. तो बोल्टांनी इंजिनाच्या हेडला आवळलेला असतो. आमच्या जीपचे सगळ्यात मागचे, बसणाऱ्याच्या पायांकडचे दोन बोल्ट तुटले होते, एक तर कैक वर्षांपूर्वीच; गाडीचा तो मोठा आवाज तिथूनच यायचा. मॅनिफोल्ड उतरवल्यावर त्यांचे गंजके तुकडे हेडमधून जरासे बाहेर डोकावताना दिसले.

"निगाले तर बरं," मामा म्हणाले. "आत मोडले तर हेड उतरावं लागतंय. मग गाडी आठ दिवस परभणीला."

शेजारी ट्रॉल्या जोडणाऱ्या वेल्डरला बोलावलं. त्यानं दोन्ही तुकड्यांच्या टोकाला एकेक नट वेल्ड करून दिला, म्हणजे पाना लावायला काहीतरी धरायला मिळालं. मामांनी सांगितलं तसा मी पहिला बोल्ट गॅसच्या बत्तीनं तापवला आणि त्याला मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांमध्ये शिरलं. थोडं पुढं, थोडं मागं करता करता तुकडा सरळ हातात आला. मला आभाळ ठेंगणं झालं. मी लगेच दुसऱ्याकडं वळले.

"उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग," मामा हसले. "येवढी घाई कशाला करायलीस? निवू दे जरा."

"निवायची वाट बघत बसलं तर उद्या उजाडंल, मामा."

मी पाना लावला. तो थोडा फिरला, मग आणखी थोडा. "थांब!" मामा ओरडले. "थांब म्हनलं ना!" तोवर कडकन आवाज झाला आणि नट, बोल्टाच्या टोकासकट, पान्यात अडकून बाहेर आला.

वेल्डर परत आला. वाकून बघितलं आणि च्यक् केलं. "आता ह्याच्यावर एकदाच जमंल, ताई. ह्या टायमाला तुटला की गेलाच आत." दुसरा नट जोडून तो निघून गेला.

उंबऱ्यापाशी आत्या उशीला टेकून बसल्या होत्या. पायांवर सूज चढलेली, बोट दाबलं तर खड्डा पडायचा. डावा हात पदराखाली जपून ठेवलेला. डायलिसिसच्या सुया त्याच हाताच्या फुगवलेल्या शिरेत टोचायच्या, म्हणून त्यावर भार द्यायचा नाही, तो दाबायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्या काही बोलत नव्हत्या. एका वाक्यात दोनदा थांबावं लागत असेल तर माणूस कशाला बोलेल?

मी बोल्ट तापवला, मेण लावलं, निवू दिला. मग पाना धरला.

"हळू. पीळ खायला लागला की सोड," मामा म्हणाले.

"पीळ खातोय हे कळायचं कसं?"

"हाताला कळतंय."

"माझ्या हाताला न्हाई कळत! तुमी तिथं बसून थांब, सोड म्हनताव, तवर तुटून जातंय. तोंडानं सांगू नका मला!"

लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. आमच्याकडं सुनेनं सासऱ्यापुढं आवाज चढवायचा नाही, आणि एकमेकांच्या हाताला हात लावायचा प्रश्नच येत नाही. मी गाडी चालवते, वर्गात पोरांना दटावते, पण मामांचा चहा स्टुलावर ठेवायची आणि ते तिथून उचलायचे. सकाळपासून पानेसुद्धा असेच बॉनेटवर ठेवून देणं-घेणं चाललं होतं.

मामा बाजेवरून उठले. मला वाटलं, रागावून घरात चालले. ते पाय ओढत माझ्या शेजारी आले, आत्यांकडं एकदा बघितलं आणि डावा हात माझ्या हातावर ठेवला. खरखरीत आणि गरम. मला इतका संकोच वाटला की पाना सोडून द्यावासा वाटला.

"लाव जोर," ते म्हणाले.

मी लावला. पाना जरासा सरकला. पुढं लोखंड मऊ पडल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी त्यांची बोटं माझ्या बोटांवर घट्ट झाली. मी थांबले. त्यांनी हात मागं नेला, त्याबरोबर माझाही गेला. पुन्हा पुढं. पुन्हा ती मऊ लागणारी जागा, पुन्हा बोटं आवळली गेली. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मध्येच एकदा त्यांची बोटं आवळली जायच्या आधीच मी थांबले. त्यानंतर त्यांचा हात हलका झाला.

बोल्ट करकरला आणि फिरला. सबंध. मी चक्क रडले. मामांनी हात धोतराला पुसला आणि नवे बोल्ट शोधायला लागले.

सोमवारी पहाटे निघालो. मामा माझ्या शेजारी, आत्या मागच्या बाकावर. धूर नाही, फटफट नाही. गाडी एवढी शांत चालत होती की मलाच चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. बऱ्याच वेळानं मागून आत्यांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"लकवा झाल्यापासनं... माझाबी हात... धरला न्हाई ह्यांनी."

त्या मला म्हणाल्या की स्वतःशीच, कळलं नाही. इतके दिवस त्या मागं बसून काय काय बोलल्या असतील आणि आमच्यापर्यंत पोचलंच नसेल! मामा समोर रस्त्याकडं बघत होते. पिंगळी जवळ आल्यावर म्हणाले, "गाडी बाजूला घी."

मी थांबवली. ते उतरले, लोंबता हात सांभाळत मागं चढले आणि आत्यांशेजारी बसले. मी मान वळवली नाही. गिअर टाकला, तेवढ्यात आत्या म्हणाल्या,

"त्यो न्हाई, त्यो सुयांचा हाय. ह्यो धरा."