अक्काच्या घराचं दार

बायांनो, आमची शिंदखेड्याची गल्ली आणि मागची टेकडी मी उन्हाळ्यात रंगवली होती. टेकडी बरी जमली, पण चित्र मेल्यासारखं दिसायचं. कारण मधोमध शेजारच्या अक्काचं घर, अन् त्याला कुलूप. अक्का वर्षभर नाशकाला पोराकडे आहे.

आज सकाळी मेण वितळवून त्यात रंग कालवला आणि चित्रातल्या कुलपावर थापला. वर अक्काच्याच लुगड्याची, गोधडी शिवताना उरलेली चिंधी पडदा म्हणून ठेवली आणि गरम उलथण्याने दाबली. दार उघडं दिसायला लागलं. फोटो अक्काला धाडला.

लगेच तिचा फोन. "मना घरनं दार उघडं काब ठेवं? कुत्रा घुसतीन."

मी म्हटलं, "मंग तूच ये अनी लाव."

ती म्हणाली, "आते मी येवाव नही. पोऱ्या घर इकी ऱ्हायना."

पोरगा घर विकतोय हे ऐकून मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. दार पुन्हा बंद करावं म्हणून मेण खरवडायला उलथणं पुन्हा तापवलं, पण हात चालला नाही. गॅस बंद केला.

घर पोराचं आहे, विकू दे. चित्र माझं आहे. तुम्ही दार लावलं असतं का? नुसतं 'छान' लिहून पळू नका.