पळपुटा सिसिनियोस

ख्रिस्ती सम्राटाच्या सरहद्दीवरच्या खार्सियानोन सुभ्यात ज्याच्याकडे फौजेची जमीन, त्याने बोलावणं आलं की स्वतःचा घोडा आणि भाला घेऊन हजर व्हायचं. सिसिनियोस कधी चुकला नव्हता.

तार्सूसच्या अमिराचे स्वार चालून आले, तेव्हा तुकडीचा सरदार क्रातेरोस त्याला म्हणाला, "खिंड धरून ठेव. मी मागून येतोच." सिसिनियोस, त्याचा धाकटा भाऊ पेत्रोनास आणि मूठभर गावकरी खिंडीत उभे राहिले. क्रातेरोस फिरकलाच नाही. माणसं पडू लागली तसं सिसिनियोसने भावाला मागे ढकललं. "तू नीघ. घरी बायका-पोरं आहेत." स्वतः मात्र शत्रूच्या हाती सापडला.

कित्येक वर्षं त्याने तार्सूसमध्ये कुंभाराची माती तुडवली. मग लामोस नदीवर कैद्यांची अदलाबदल झाली आणि तो पायी गावी आला.

त्याचं शेत पेत्रोनास नांगरत होता. भावाला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"अँथुसा कुठाय?" सिसिनियोसने बायकोबद्दल विचारलं.

"माहेरी."

तिच्या माहेरी गेल्यावर त्याला सगळं कळलं. खिंड गेल्याचा ठपका क्रातेरोसला कुणाच्या तरी माथी मारायचा होता. सुभ्याच्या न्यायाधीशासमोर पेत्रोनासने बायबलवर हात ठेवून सांगितलं, की दादा आधीच पळाला. पळपुट्याची जमीन गेली, ती साक्षीदाराला मिळाली.

"मी ओरडून ओरडून सांगितलं," अँथुसा म्हणाली. "बाईचं कोण ऐकतो?"

खिंडीतलं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. सिसिनियोस सासऱ्याची शेरडं राखू लागला. पोरं मागून "पळपुटा" म्हणत. तो वळून बघत नसे.

दोन हिवाळे गेले. सुभ्याचं बोलावणं आलं आणि पेत्रोनास दारात येऊन उभा राहिला.

"दादा, माझा गुडघा गेलाय. माझ्या जागी तू जा. तुला लढाईची सवय आहे."

अँथुसाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. सिसिनियोस शांतपणे म्हणाला, "पळपुट्याला फौजेत कोण घेणार?"

"पोरांकडे बघून तसं बोललो रे. क्रातेरोसने धमकावलं होतं."

"मग आता न्यायाधीशाला खरं सांग. सांगतोस?"

पेत्रोनास वळला आणि लंगडत घोड्याकडे गेला. त्याला रिकिबीत पाय टाकता येईना. सिसिनियोसने उठून त्याला वर चढवलं, खोगिराचा सैल झालेला तंग आवळला आणि शेरडांकडे निघून गेला.