कपाळापर्यंत जाणारी कार्डं

बाळांनो, पारखायला दिलेली तुमची कार्डं अजून परत का पाठवली नाहीत, असं परवा पुन्हा विचारलंत. उत्तर फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

आपल्या समोरच्या सिग्नलवाल्या आजोबांइतका चिकित्सक माणूस अख्ख्या रायपुरात नसेल. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पण जगाला हिरवा-लाल दाखवणं सुटलं नाही. लग्नाच्या पंगतीत पुरी उजेडात धरून पाहायचे. मला एकदा म्हणाले, "ताई, तुमचे कोपरे अजून शाबूत आहेत." असा माणूस खेळाडूंची नि राक्षसांची कार्डं पारखणारं यंत्र बनवणार नाही तर काय? कॅमेरा कडा, कोपरे, ओरखडे तपासतो आणि एक लोखंडी हात ते कार्ड उत्तम, बरं किंवा रद्दी अशा डब्यात टाकतो.

त्या हाताला शिकवायचं म्हणजे तो धरून एकदा काम करून दाखवायचं. आजोबांचा हात कापतो, म्हणून ते त्यांच्या बायकोने, वहिनींनी केलं. शिकवताना कार्ड निसटून त्यांच्या पायावर पडलं. त्यांनी ते परत यंत्राच्या चिमट्यात दिलं आणि यंत्राचा हात न सोडताच, सवयीने, कपाळाला टेकवलं. तेव्हापासून यंत्र प्रत्येक कार्ड आधी वर नेतं, थांबतं, मग डब्यात टाकतं.

"मशीनले संस्कार लावून राहिली काय?" आजोबा करवादले.

"तुमच्यापेक्षा लवकर शिकली ते," वहिनी म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात वहिनी गेल्या. आता तो हात, त्या शिकवायला बसायच्या त्या रिकाम्या स्टुलासमोर, बरोबर त्यांच्या कपाळाच्या उंचीवर थांबतो. एका दुपारी लाईट जाऊन परत आली आणि यंत्र आपोआप सुरू झालं. चिमट्यात काही नव्हतं. तरी हात वर गेला, थांबला. मी दोन पावलं मागे झाले. आजोबा मात्र जरा बाजूला सरकले, कुणाला जागा द्यावी तसे.

पुढे समता कॉलोनीतला कार्डांचा दुकानदार यंत्र विकत घ्यायला आला. "अंकल, ये ऊपर ले जाने वाला मूवमेंट मिटा दो। स्पीड डबल हो जाएगी।"

जन्मभर गाड्यांचा उशीर मोजलेला माणूस तो. त्यांना पटलं. जुनी शिकवण पुसायच्या बटणावर त्यांनी बोट ठेवलंही. हात वर जाऊन थांबला. आजोबा त्याच्याकडे बघत राहिले, मग बोट काढून घेतलं.

"बेटा, ये स्टॉपेज है। गाड़ी यहाँ रुकेगी।"

तर तुमची कार्डं अजून रांगेत आहेत. बहुतेक रद्दीत जातील, कोपरे तुम्हीच चावलेत. पण प्रत्येक कार्ड आधी त्या स्टुलासमोर थांबतं. तेवढं अजून चालू आहे.