सोमवारचा मुक्काम

मुलांनो, फोनवर तुम्ही विचारता, "आजी, दिवसभर काय करतेस?" त्याचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. म्हणून हे लिहून पाठवते आहे.

गेल्या वर्षी दर सोमवारी बारामतीच्या या घरात दोघी मुक्कामाला येत. माझी एक जुनी विद्यार्थिनी, सणसरला दिलेली, आणि तिची सात वर्षांची मुलगी. मुलीला रक्ताचा कर्करोग होता. औषधं पुण्याला सुरू होती, पण मधल्या आठवड्यांत नुसतं रक्त तपासायलाही पुण्यालाच जावं लागे. सणसरहून पहाटेची गाडी मिळत नसे, म्हणून आदल्या दिवशी माझ्याकडे. मुलीच्या डोक्यावर केस उरले नव्हते. माझ्या कपाटातले रुमाल एकेक करून डोक्याला बांधायची, आरशात बघायची आणि म्हणायची, "ह्यो तुमचा न्हाय, माझाच हाय." मी रुमाल रंगाप्रमाणे लावून ठेवते. ती सगळे विस्कटायची. मंगळवारी ते पुन्हा लावायला मला आवडायचं.

पुण्याच्या दवाखान्यात तिच्या आईला सणसरसारखीच इंदापूर तालुक्यातली, पळसदेव आणि आसपासच्या गावांतली आणखी चार कुटुंबं भेटली. सगळ्यांचं मागणं एकच होतं. रक्त इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात तपासावं आणि अहवाल पुण्याच्या डॉक्टरांना कळवावा. निवेदन मी लिहिलं. समास सोडून, मुद्दे क्रमवार, खाली पाच सह्यांना जागा. लिहिताना मध्येच हात थांबला. हे मान्य झालं तर सोमवारी कोण येणार? स्वतःची लाज वाटली आणि पुढचा मुद्दा लिहायला घेतला.

एक पुढारी इंदापूरला येणार होते. पाचही कुटुंबं गेली, मीही गेले. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शाल-श्रीफळ नेलं. निवेदन तबकात नारळाखाली ठेवायची कल्पना माझी, हातात चुरगळायला नको म्हणून. शाल पांघरली, फोटो निघाला, कुणीतरी तबक उचललं आणि पुढचा सत्कार सुरू झाला. महिनाभरानं चौकशी केली तर त्यांचे साहाय्यक म्हणाले, "कसलं निवेदन? सत्कार केला की तुमी! फोटो पण आलाय."

दुसऱ्यांदा त्याच पुढाऱ्यांच्या कार्यालयात गेलो, तेव्हा फक्त कागद नेला. तोवर मुलीची आई गावात 'पोरीला कावीळ हाय' असंच सांगत आली होती. पुढे लग्नाला अडचण नको, ही भीती. त्या दिवशी खोलीत तिच्या गावचे लोकही बसले होते. पुढाऱ्यांनी कागदावरून नजर फिरवली.

"एवढंच ना, ताई? तुमच्या पोरीचं आत्ता करून देतो. डॉक्टरला फोन लावतो."

मला वाटलं, झालं काम. मी तर हातही जोडले.

ती म्हणाली, "तसं नको, तात्या. माझ्या पोरीला ब्लड कॅन्सर हाय. अजून चार पोरं हायत, फुडं आणखी येतील. दर पोराला तुमी फोन लावणार व्हय? सगळ्यांसाठी आदेश काढा."

मागून कुणीतरी म्हणालं, "कावीळ म्हनत व्हतीस की गं!"

"म्हनत व्हते," ती वळून म्हणाली. "भ्याले व्हते."

तात्यांनी फोन खाली ठेवला आणि कागद पहिल्यापासून वाचायला घेतला.

आदेश निघेपर्यंत बरेच महिने गेले आणि बरेच हेलपाटे झाले. आता तपासणी इंदापुरात होते, तालुक्यातल्या कुठल्याही आजारी मुलाची. माझा सोमवारचा स्वयंपाक सकाळीच उरकतो. संध्याकाळी मी टीव्ही लावते, बघत नसले तरी.

परवा मुलीच्या आईचा फोन आला. "बाई, लई बरं झालं. आता तुमाला दर सोमवारी तरास न्हाय."

"बरं झालं," मी म्हणाले. "तिला दे ना जरा फोन."

"ती कुठं घरात हाय, बाई? शाळंत गेलीया."