कुंडलिकभावजींची मूठ

आमच्या बनाबाईला लोक खुळी म्हणत्यात. म्हणू द्यात. त्यांची तोंडं कोण धरणार?

धरणाच्या पाण्यात आमा बायकांच्या गटाचा माशांचा पिंजरा हाय, जाळ्याचा, पिंपांवर तरंगणारा. मासे किकवीच्या बाजारात इकतो, म्हणून वीटभट्टीवर जायचं सुटलं. पिंजरा मांडला बनाच्या नवऱ्यानं, कुंडलिकभावजींनी. खाद्य टाकायच्या आधी ते होडीच्या काठावर डबा वाजवायचे. टक टक, जरा थांबून टक. की मासे वर उसळलेच! गेल्या पावसाळ्यात होडी उलटली. होडी घावली, भावजी काय घावले न्हाईत.

तवापास्नं डबा बना वाजवती. पहिली मूठ पिंजऱ्याबाहेर टाकती, "ह्यांची" म्हणून. दाणे तरंगत कुठंच्या कुठं जायचे. म्या लई वरडायची, "बने, खाद्य काय फुकट येतं व्हय गं?"

यंदा उन्हाळ्यात पाणी आटलं. एका दुपारी बनानं डबा वाजवला, तर एक मासा वर येईना. सगळे खोल पाण्याकडच्या जाळीला चिकटलेले. मग म्या ऐकलं, पाण्याखालनं. टक टक... टक. होडीच्या फळीतनं तळपायाला लागलं. आई गं!

"ह्ये बोलवत्यात," बना म्हणाली. "पिंजरा तिकडं न्यायचा."

"अगं, तिकडं तळ लागत न्हाई!"

"आक्का, तुमी नका येऊ. म्या एकली वढते."

एकलीला कशी सोडणार? तिला शिव्या घालत आमी सगळ्याजणींनी दोर वढले. ठोका म्होरं सरकायचा, आमी त्याच्या मागनं. थांबला तिथं पिंजरा बांधला.

सकाळी बघतो तर उथळ पाण्यात शेजारच्या गटाचे मासे पोटं वर करून तरंगत्यात. पाणी तापून गुदमरले बिचारे. आमचे समदे जित्ते! म्या आनंदानं वरडले, पण बना मटकन खाली बसली आन रडाय लागली.

"म्या रोज वाट बघती, वर येतील म्हणून. ह्ये तर तिथंच कामाला लागल्यात. पोटात काय असंल का त्यांच्या?"

त्यानंतर ठोका कधी आला न्हाई. काल बनाला ताप हुता, म्हणून खाद्य टाकाय म्या गेले. डबा वाजवला आन पहिली मूठ म्याच बाहेर टाकली. दाणे तरंगले न्हाईत. समदे एकदम खाली गेले. तिथं एक मासा नव्हता.

होडी काठाला कशी लावली, माझं मला ठावं. धापा टाकत बनाला सांगितलं. भावजी गेल्यापास्नं ती पयल्यांदाच हसली.

"जेवले म्हणायचे," म्हणाली.