आत्याच्या काठमांडूचा जादा विमा

गेल्या वर्षी, निघायला नऊ दिवस उरले असताना, माझ्या आत्याची काठमांडूची सहल रद्द झाली. जादा विमा काढलेला नव्हता. तो काढायचा की नाही, यावर त्याआधी तीन आठवडे फोनवर बोलणं चालू होतं.

आत्या अकोल्याला राहते. बाबा तिचे थोरले भाऊ; अमरावतीजवळ त्यांची संत्र्याची बाग आहे. पशुपतिनाथाला जायचं आत्याच्या मनात लग्नापासून होतं. पंधरा वर्षं शिवणकाम करून तिनं ही सहल जमवली. पुन्हा जमेल असं तिचं वय नव्हतं. सोबत बाबा जाणार होते.

सहलीच्या पैशात आजारपणाचा विमा धरलेला होता. संचारबंदी किंवा दंगलीमुळे प्रवास रद्द झाला तर भरपाई देणारा विमा वेगळा घ्यायचा होता. काठमांडूत तेव्हा सरकार डळमळीत होतं, मोर्चे निघत होते. मी वर्तमानपत्रात काम करतो म्हणून मला विचारण्यात आलं. बातम्यांत होतं तेवढं मी सांगितलं. विम्याच्या माहितीपत्रकाचं दुसरं पान मी वाचलं नव्हतं.

बाबांनी थांबायचं ठरवलं. पीक विम्याची त्यांची तीच रीत होती. मुदत संपेपर्यंत रोज आभाळ पाहायचं आणि शेवटच्या दिवशी, पावसाचा अंदाज घेऊन, अर्ज भरायचा. आमच्या गावात बहुतेकांचं असंच चालायचं.

"इतक्यात काहून भरतं, बाई? बिघडलंच तर भरू," ते म्हणाले.

त्या तीन आठवड्यांत आत्या आणि बाबांचं विम्यावर कमी आणि जुन्या प्रवासांवरच जास्त बोलणं झालं. कार्तिकात दोघं दमणीत बसून कौंडण्यपूरच्या जत्रेला जायची. दमणी म्हणजे छपराची छोटी बैलगाडी. खाली कडबा, वर सतरंजी. निघताना आजी दोघांच्या खिशात गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी ठेवायची. आपला विमा म्हणजे ती चिठ्ठी, असं आत्या म्हणे. ती सात वर्षांची असताना त्या जत्रेत बाबांच्या हातून तिचा हात सुटला. दिवस मावळताना ती नदीच्या घाटावर सापडली.

मग काठमांडूत संचारबंदी लागली आणि विमानं थांबली. सकाळी साडेआठला बाबांनी सहलवाल्यांना फोन करून जादा विमा भरायचं सांगितलं. तिकडून दुसरं पान वाचून दाखवण्यात आलं. पॉलिसी घेण्याआधी जे उघड झालेलं आहे, त्याची भरपाई मिळत नव्हती. दुपारी सहल रद्द झाल्याचं कळलं. हाती परत आलं ते निम्म्याहून कमी.

बाबांनी अकोल्याला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"दादा, जत्रेतबी तुनं असाच हात सोडला होता."

"सापडली त होती तू."

"मीच सापडली. घाटावर बसून. तू त बत्तासे पाहून राहिला होता."

बाबांनी फोन माझ्याकडे दिला.

ज्या दिवशी निघायचं होतं, त्या दिवशी दोघं कौंडण्यपूरला गेली. गाडी मी चालवली. जत्रेचे दिवस नव्हते, बत्ताशांचं एकही दुकान नव्हतं. घाट उतरताना बाबांनी तिचा हात धरला. पाण्यापाशी पोचल्यावरही तो तसाच होता.

काठमांडूची विमानं नंतर सुरू झाली. आत्याची सहल अजून झालेली नाही.

त्यानंतरच्या मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या संत्र्यांचा, फळपीक विमा बाबांनी अर्ज सुरू झाले त्याच दिवशी भरला. पावतीचा फोटो त्यांनी आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. अकरा वाजून चार मिनिटांनी त्याखाली दोन निळ्या खुणा आल्या.